कपडेपटाची विद्या

नाटक किंवा सिनेमा पाहून घरी परतताना आपण बायका पहिल्याने कशाविषयी बोलतो? गोष्ट काय होती, शेवट कसा झाला, हे बोलणे मागाहून येते. आधी नायिकेची साडी, तिचे काठ, तिच्या पोलक्याची बाही, तिने पदर कसा घेतला होता, हे निघते. घरातील पुरुषमंडळी याला हसतात. पण त्यात हसण्यासारखे काय आहे? रंगभूमीवर पात्र आले की ते तोंड उघडण्यापूर्वी त्याचे कपडे बोलू लागतात. ही बाई सधवा आहे की विधवा, घर खातेपीते आहे की ओढग्रस्तीचे, गाव कोकणातले की देशावरचे, हे आपल्याला पहिल्या क्षणी कळते ते कपड्यांवरूनच. ते कपडे कोणीतरी विचार करून ठरविलेले असतात. त्या विचाराचा इतिहास आज थोडक्यात सांगावा असे योजिले आहे.

हा विषय सुचायला कारण घडले. आमच्या आळीतील एका मुलीने बारावीनंतर नाटक-सिनेमाच्या वेशभूषेचे शिक्षण घेण्याची इच्छा धरली आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला विचारले, ‘‘कपडेच शिवायला शिकायचे, तर आईचे मशीन घरात आहे. त्यासाठी परगावी तीन वर्षे काढायची आणि एवढा पैसा घालायचा, तो कशाला?’’ प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. निर्णय अजून व्हायचा आहे. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मी कोणाला उपदेश करणार नाही. परंतु वाचनालयातून आणून जे वाचले, आणि इतकी वर्षे सुई-दोऱ्याशी संबंध आल्यामुळे त्यातले जे उमगले, ते भगिनींपुढे ठेवते.

मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करून केला. त्या नाटकांत देव, दानव, ऋषी अशी पात्रे असत आणि प्रत्येकाचा वेश ठरलेला असे. पुढे १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला आणि नाटक मंडळ्या पेट्याच्या पेट्या भरून कपडे बाळगू लागल्या. या सामानाला आणि ते सांभाळणाऱ्या खात्याला ‘कपडेपट’ म्हणत. मुक्काम हलला की कपडेपट हले. कोणत्या प्रवेशाला कोणता शेला, कोणाचा अंगरखा कोणत्या पेटीत, कशाला इस्त्री हवी आणि काय उसवले आहे, हे कपडेपटाच्या माणसाला तोंडपाठ असे. जाहिरातीत नटांची नावे ठळक अक्षरांत येत. कपडेपटाच्या माणसाचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही.

त्या काळी बायकांची कामे पुरुषच करीत. त्यांत अग्रगण्य म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७). १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ या नाटकांतील त्यांच्या भूमिका पाहून चांगल्या घरच्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. जन्माने पुरुष असलेल्या माणसाने स्त्रियांना नेसणे शिकवावे, ही मोठी नवलाची गोष्ट होय! त्यांना खोटे चालत नसे. शालू खरा, जर खरी, अत्तरसुद्धा उंची. या थाटाला फार पैसा लागला आणि मंडळी कर्जात बुडाली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

बालगंधर्वांच्या नेसण्याविषयी आपण नेहमी सौंदर्यच बोलतो. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी ही राजकन्या. ‘एकच प्याला’तील सिंधू ही दारूच्या पायी धुळीला मिळालेल्या घरातील, लोकांची दळणे दळणारी बायको. एकच नट, एकच चेहरा, एकच गळा. मग बाई बदलली हे प्रेक्षकाला पटवायचे कशाने? अभिनयाने तर खरेच, परंतु लुगड्यानेही. जरीचा शालू कसा नेसावा हे पुष्कळांना येते. विटलेले लुगडे नेसूनही त्या बाईचे कुलीनपण दिसावे, हे ठरविणे अवघड. वेशभूषा म्हणजे नटविणे अशी जी समजूत आहे, ती येथे खोटी ठरते. वेशभूषा म्हणजे त्या पात्राचे आयुष्य कपड्यांतून दाखविणे.

मग हे वेश येत कोठून? देवादिकांना कोणी पाहिले आहे? याचे उत्तर आपल्या देवघरातच आहे. राजा रविवर्मा यांनी सरस्वती, लक्ष्मी, दमयंती यांची चित्रे काढली आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून ती घरोघर पोहोचविली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या चित्रांत देवी साडी नेसलेल्या आहेत, अंगात चोळी आहे. लोकांना तोच देवांचा खरा पोशाख वाटू लागला. नाटक मंडळ्यांनी तो उचलला आणि नाटकावरून सिनेमाने घेतला. दादासाहेब फाळके स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि चित्रे छापण्याच्या धंद्यातले जाणकार. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला बाई मिळेना. अण्णा साळुंके नावाच्या स्वयंपाक्याने लुगडे नेसून ते केले. त्या वेळी सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, कपडे धूत, शिवाय फिल्मच्या कामातही पतीला हातभार लावीत. दादासाहेबांचे नाव मुलांच्या पुस्तकात आहे. सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते?

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी या कामाला शिस्त लावली. ते मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगविणारे. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ निघाला. चित्रपट सुरू करण्याआधी पात्रांचे वेश कसे असावेत याची चित्रे ते कागदावर काढून ठेवीत. आधी कागदावर विचार, मग कापडाला कात्री. आज ज्याला वेशभूषेचा आराखडा म्हणतात, तो हाच. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात सापडलेला शेतकरी दाखविला. तेथे रविवर्म्याची चित्रे काय कामाची? शेतकऱ्याचे धोतर कोठे फाटते, पागोट्याचा रंग उन्हाने कसा उडतो, हे शेतावर जाऊनच पाहावे लागते.

त्या काळच्या सिनेमात आणखी एक अडचण होती. मूकपटांच्या जमान्यातील फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे येई, आणि फिकट निळे जवळजवळ पांढरे. पुढे फिल्म सुधारली, तरी कृष्णधवल चित्रपटांत पांढरेशुभ्र कापड दिव्यांच्या झोतात डोळ्यांवर येई. म्हणून ते किंचित मळकट रंगवून घ्यावे लागे. म्हणजे साडी डोळ्यांना कशी दिसते यापेक्षा यंत्राला कशी दिसते, हे आधी शिकायचे. रंगभूमीचे तंत्र याच्या उलट. तेथे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला काठ दिसला पाहिजे, आणि दोन प्रवेशांच्या मधल्या मिनिटभरात नटीला लुगडे बदलता आले पाहिजे. म्हणून शिवलेली नऊवारी, आतून हूक, टचबटणे अशा युक्त्या निघाल्या. सिनेमात कॅमेरा इतका जवळ येतो की सुताचा पोतसुद्धा दिसतो. तेथे असली युक्ती लगेच उघडी पडते.

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले. स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनीच केल्या. घर आपल्या घरासारखे, माणसे आपल्यासारखी. आता पौराणिक थाट उपयोगाचा नव्हता. रोजचे साधे पातळ रंगभूमीवर साधेच दिसावे, पण गबाळे दिसू नये, हा नवा प्रश्न आला. साधेपणालाही अभ्यास लागतो तो असा.

आता या लेखातील मुख्य व्यक्तीकडे वळते. भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरास झाला. सात भावंडांतील हे तिसरे अपत्य. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, पण मुलगी लहान असतानाच ते वारले. आई शांताबाई यांनी मुलीचे शिक्षण थांबविले नाही. ती मुंबईस आली, जे. जे. कलाशाळेत शिकली आणि १९५१ साली तिने सुवर्णपदक मिळविले. १९५३ साली मुंबईच्या प्रागतिक चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. त्या पुरुषांच्या मेळ्यात ती एकटी बाई होती. पोटासाठी ती स्त्रियांच्या इंग्रजी मासिकांत पोशाखांची चित्रे काढी. त्यांपैकी एका मासिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि तिला म्हटले, नुसती चित्रे कशाला, कपडेच करून पाहा. तेथून ती सिनेमात गेली. लग्नानंतरच्या भानू अथैया या नावाने आपण त्यांना ओळखतो.

गुरुदत्त यांच्या संस्थेचा ‘सी.आय.डी.’ (१९५६), मग ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२), असे करीत त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांना वेशभूषा दिली. ‘साहिब बीबी और गुलाम’मधील मीनाकुमारी आठवा. बंगाली जमीनदाराच्या हवेलीतील ती धाकटी सून. अंगावर किमती साडी आणि दागिने, आणि त्या सगळ्या भाराखाली एकटी पडलेली बाई. श्रीमंती आणि दुःख एकाच साडीत दाखविलेले आहे.

परंतु मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते १९६६ सालच्या ‘आम्रपाली’चे. गोष्ट बुद्धकाळातील, वैशालीच्या नर्तकीची. वैजयंतीमालेसाठी भानूताईंनी रविवर्म्याच्या चित्रांकडे पाहिले नाही. त्या अजिंठ्यास गेल्या आणि लेण्यांतील भित्तिचित्रे पाहून त्यांनी पोशाख ठरविला. त्या चित्रांत कमरेला अंतरीय, खांद्यावर उत्तरीय, कमरपट्टा, अशी न शिवलेल्या वस्त्रांची पद्धत दिसते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. अजिंठ्याची चित्रे बुद्धानंतर कित्येक शतकांनी काढलेली आहेत. बुद्धकाळातील माणसांची चित्रे उरलेलीच नाहीत. मग अभ्यासकाने काय करावे? जवळात जवळचा पुरावा शोधावा आणि उरलेल्या जागी तारतम्य वापरावे. हे तारतम्य मशीन चालवून येत नाही. त्यासाठी वाचावे लागते, पाहावे लागते.

अशा वाचनाची साधनेही याच सुमारास तयार झाली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील डॉ. मोतीचंद्र यांनी १९५० साली प्राचीन भारतीय वेशभूषेवर हिंदीत मोठा ग्रंथ लिहिला. पाठोपाठ १९५१ साली डॉ. गो. स. घुर्ये यांचे भारतीय पोशाखावरील इंग्रजी पुस्तक निघाले. दिल्लीस १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तेथे संचालक होते. त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी त्यांच्या नाटकांचे पोशाख करीत. ते करता करता त्यांनी जुनी शिल्पे, नाणी, चित्रे तपासली आणि १९८३ साली प्राचीन भारतीय पोशाखावर पुस्तक लिहिले. नवऱ्याच्या नाटकाचे कपडे करणारी बायको एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या हातचे काम विद्या म्हणून पुढच्यांना मिळाले.

१९८० साली रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी ‘गांधी’ चित्रपटाचे चित्रीकरण सुरू केले, तेव्हा वेशभूषेचे काम भानूताई आणि इंग्रज वेशभूषाकार जॉन मोलो यांच्याकडे आले. भगिनींनो, वरवर पाहता गांधीजींचा पोशाख म्हणजे पंचा. त्यात करायचे काय, असे वाटेल. पण १८९३ साली आफ्रिकेस गेलेले गांधी सुटाबुटातले बॅरिस्टर आहेत. १९१५ साली परत आलेले गांधी काठेवाडी पोशाखात आहेत. १९२१ साली मदुरेस त्यांनी गरिबांप्रमाणे केवळ पंचा नेसण्याचा निश्चय केला. त्यांचे सारे चरित्र त्यांच्या कपड्यांत लिहिलेले आहे. भोवतीचे लोकही बदलत जातात. गांधी टोपी रूढ झाली ती १९२० च्या सुमारास, असहकाराच्या चळवळीत. १९१५ सालच्या गर्दीत कोणाच्या डोक्यावर ती दिसली, तर इतिहास चुकला! अंत्ययात्रेच्या दृश्यात तीन लाखांवर माणसे होती. शिवाय नवे कोरे कपडे दिसून चालत नाहीत. ते वापरलेले दिसावेत म्हणून पुन्हा पुन्हा धुणे, चहाच्या पाण्यात बुडविणे, कोपर-गुडघ्याच्या जागी घासून झिजविणे, हे करावे लागते. आपण डाग काढण्यात जन्म घालवितो, तेथे डाग पाडण्याची विद्या आहे.

कस्तुरबांचे काम रोहिणी हट्टंगडी यांनी केले. पुण्याची ही मुलगी त्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली. त्यांची साडी पाहिलीत तर एकही गोष्ट अशी नाही की जी ‘माझ्याकडे पाहा’ म्हणेल. हेच त्या कामाचे यश. एप्रिल १९८३ मध्ये भानूताईंना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कोल्हापूरच्या मुलीने हा मान देशाला प्रथम आणला, आणि तो कपड्यांसाठी, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगायला हवी. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ (२००१) या चित्रपटांना त्यांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. आपल्यामागे त्या बाहुलीची नीट निगा राहावी म्हणून २०१२ साली त्यांनी ती अमेरिकेच्या त्या संस्थेकडे परत पाठविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

येथे एक हिशेब मांडते. अमेरिकेत वेशभूषेला ऑस्कर देण्यास १९४९ साली सुरुवात झाली. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, पण वेशभूषेसाठी वेगळे पारितोषिक १९८४ सालच्या चित्रपटांपासून देऊ लागले. म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. त्याच्याही आधी भानूताईंना परदेशात मान मिळून चुकला होता. हे असे का व्हावे? मला वाटते, जे काम घरात बाई रोज करते, ते काम आहे हेच कोणाला दिसत नाही. पुढे दिवस पालटले. बालगंधर्वांच्या जीवनावरील २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ या मराठी चित्रपटाच्या वेशभूषेला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ते नीता लुल्ला या एका स्त्रीच्या हाती गेले. शंभर वर्षांपूर्वी पुरुषाने नेसलेले शालू अभ्यास करून पुन्हा उभे केले ते बाईने.

तर त्या मुलीच्या घरच्यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. शिवणकाम ही या विद्येची पहिली इयत्ता. ती घरी होते आणि चांगली होते. कापड बेतणे, उभा-आडवा धागा ओळखणे, कोणते कापड चुण्या धरते आणि कोणते सुटते, हे आईजवळ शिकावे. ब्राह्मणी नेसणे, शेतावरच्या बाईचे ओचा खोचलेले नेसणे, कोळणीचे नेसणे यांतला फरक आपल्या डोळ्यांना असतो, तो पुस्तकात शोधावा लागत नाही. पण पुढच्या इयत्ता घरी होत नाहीत. नाटक वाचून प्रवेशवार पात्रांची यादी करणे, कोणाला किती जोड लागतील, भिजण्याच्या किंवा रक्ताच्या प्रसंगाला एकसारखे किती लागतील, याचा हिशेब, त्या काळाचा अभ्यास, चित्र काढणे, आधी मांजरपाटावर बेतून अंगावर बसवून पाहणे, मग खरे कापड, दिव्यांखाली परीक्षा. कारखान्यातले रंग १८५६ नंतर आले. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, हळद, लाख यांवरच काम चाले. हे ठाऊक नसेल तर पेशवाईतल्या बाईला आपण आजच्या बाजारातली साडी नेसवून मोकळ्या होऊ. हे सारे शिकायला शाळा लागते, गुरू लागतो. दिल्लीचे नाट्य विद्यालय आहेच. पुण्यास प्रभातच्या जुन्या जागेत १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली, आणि १९८६ पासून पोशाखशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. पैसा लागतो हे खरे. काम मिळेलच अशी हमी नाही, हेही खरे. परंतु ‘यात शिकायचे काय?’ हे मात्र खरे नाही. अडचण पैशाची असेल तर पैशाची म्हणावी, विद्येला कमी लेखू नये.

आणि आपल्या मंडळापुरते एक सुचविते. दरवर्षी वर्धापनदिनाला आपण नाटुकले बसवितो. भूमिका करणाऱ्यांची, दिग्दर्शन करणारीची, पेटी वाजविणाऱ्यांचीही नावे कार्यक्रमपत्रिकेत छापतो. घरोघर फिरून लुगडी जमविणाऱ्या, रात्री जागून पोलकी आत घालणाऱ्या, प्रयोग चालू असता तोंडात टाचण्या धरून विंगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या भगिनींचे नाव आजवर छापलेले नाही. पुढच्या पत्रिकेत ‘कपडेपट’ असा शब्द घालून त्यापुढे त्यांची नावे यावीत. एका ओळीची जागा लागेल. शिवणवर्गाच्या मुलींना ती ओळ वाचता येईल, आणि आपल्या हातातील कामाला नाव आहे हे त्यांना कळेल.



— मंडळाची एक सभासद